जुने मॅगव्हील (अलॉय रिम) घरी चमकवायचेत? ऑटोसोल मेटल पॉलिशचा रिव्ह्यू, वॉटर पेपरसकट

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांची सोय. ऑटोसोल मेटल पॉलिशची ट्यूब एक नंबर माल आहे, घ्याच. पण ती ट्यूब म्हणजे या कामातला शेवटचा हात आहे, त्याच्या आधीचं सगळं वॉटर पेपरचं (पाणी लावून घासायचा सँडपेपर), पाण्याचं आणि तुमच्या मनगटाचं काम आहे, आणि ते टाळून डायरेक्ट पॉलिश घासत बसलात तर रिमवरचे ओरखडे जिथल्या तिथे राहतात, फक्त आता ते चकाकतात. मेटल पॉलिशला शिव्या घालणारे बहुतेक लोक याच कारणाने शिव्या घालतात, आणि मला ते मनापासून चुकीचं वाटतं म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

गाडी आमची जुनी स्विफ्ट, डिझेल. आधीच्या मालकाने बाहेरून बसवलेले पंधरा इंची मॅगव्हील, बाहेरची कड पॉलिश केलेली आणि स्पोक चंदेरी रंगाचे. घेतली तेव्हाच कडेवरचा क्लिअर कोट (सगळ्यात वरचा पारदर्शक थर) ठिकठिकाणी उचलला होता, त्याच्याखाली पांढऱ्या रेघा वळवळत गेलेल्या, फुटपाथला घासून डाव्या बाजूच्या रिमची कड खरवडलेली, आणि स्पोकच्या सांध्यात ब्रेकची काळी धूळ इतकी बसलेली की ती रंगाचाच भाग वाटायची. पुण्यात गाडी चालवणाऱ्याला यात नवीन काही नाही, पेव्हर ब्लॉकची उचललेली कड, डिव्हायडरचं टोक आणि सोसायटीच्या पार्किंगमधला चढ, एवढ्यातच रिमची वाट लागते.

आधी बाहेर विचारून पाहिलं. एका ठिकाणी उत्तर मिळालं, "साहेब, वरून सिल्व्हर मारून देतो, उद्या संध्याकाळी घेऊन जा", म्हणजे सुटलेला क्लिअर तसाच ठेवून त्याच्यावर रंग, जो पहिल्याच पावसाळ्यात पापुद्र्यासकट निघणार. दुसऱ्या ठिकाणी पावडर कोटिंग सुचवलं, ते काम वाईट नसतं, टायर उतरवून रिम पूर्ण सोलतात, पावडर मारून भट्टीत साधारण १८० ते २०० डिग्रीला भाजतात, टिकायला एकदम दणकट, पण सगळा रिम एकाच रंगाचा होतो आणि माझी पॉलिश कड कायमची गेली असती. मला कड हवी होती. या रिमचं सगळं रूप त्या कडेत आहे, आणि ती परत आणायची तर लेथ नाहीतर हात, दोनच मार्ग.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पॉलिश विकत घ्यायच्याही आधी तुमच्या रिमवर वरचा थर कशाचा आहे ते ओळखा. कंपनीतून येणारे बहुतेक अलॉय रंगवलेले असतात, खाली प्रायमर, मग चंदेरी रंग, त्याच्यावर क्लिअर. तो चंदेरी रंग म्हणजे उघडा अ‍ॅल्युमिनियम नव्हे. त्याच्यावर मेटल पॉलिश घासलं तर धातू कुठून चमकणार, धातूपर्यंत हात पोचतच नाही, उलट क्लिअरवर बारीक चरे पडतात आणि फारच जोर लावला तर क्लिअर पातळ होऊन नंतर तिथूनच सुटतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. रिमच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात मटारच्या दाण्याएवढं पॉलिश घ्या, पांढऱ्या बनियनच्या तुकड्याने थोडा वेळ घासा आणि कापड बघा. कापड कुळकुळीत काळं झालं तर उघडा धातू आहे, पुढे जा बिनधास्त. कापड पांढरंच राहिलं किंवा त्याच्यावर रंग उतरला तर वर क्लिअर आहे, थांबा. आणि ते काळं म्हणजे मळ नव्हे बरं का, ते खरवडून निघालेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, त्यामुळे स्वच्छ धुतलेल्या रिमवरही कापड काळं होतच राहतं. "काळं यायचं थांबेपर्यंत घासत राहा" असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ते कधीच थांबत नसतं.

यातच एक प्रकार डायमंड कटचा, हल्लीच्या पुष्कळ नव्या गाड्यांच्या वरच्या मॉडेलवर येतो, खाचांमध्ये काळा रंग आणि पुढचा भाग चकचकीत. उन्हात जवळून बघितलं की सीडीवर दिसतात तशा बारीक गोल रेघा दिसतात, त्या लेथच्या टूलने पाडलेल्या असतात. तिथे वॉटर पेपर लावलात की रेघा गेल्या, आणि हाताने त्या काही केल्या परत येत नाहीत. असा रिम सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी लेथ असलेलीच दुकानं नीट करून देतात, आणि तिथेही दर वेळी थोडा धातू कापला जातो म्हणून ते काम वारंवार करता येत नाही. डायमंड कट असेल तर ही ट्यूब तुमच्यासाठी नाही, पैसे वाचवा.

ओळख पटली की रिम उतरवून मागून बघायचा. सपाट जागा, हँडब्रेक, काढायच्या चाकाच्या तिरप्या समोरच्या चाकाला दगड, आणि गाडीच्या टूलकिटमधल्या जॅकच्या भरवशावर गाडी तशीच टांगून ठेवायची नाही, लगेच स्टेपनी लावून खाली उतरवायची. एका वेळी एकच रिम काढला की गाडीही अडकून पडत नाही. मागची बाजू साबणाने धुऊन आतल्या गोलाईवर टॉर्च मारून बघा, केसाएवढा तडा दिसतो का, टायरमधली हवा हळूहळू कमी होते का. तडा असेल तर पॉलिशचा विषयच सोडा. वेल्डिंग करून देतो म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण बहुतेक अलॉय रिम ओतीव असतात, अ‍ॅल्युमिनियममध्ये ७ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम असलेला ए३५६ हा मिश्रधातू त्यासाठी फार वापरतात, आणि ओतल्यानंतर तापवणं, एकदम गार करणं, परत मंद आचेवर ठेवणं अशी प्रक्रिया करून त्याला ताकद आणलेली असते. वेल्डिंगच्या आचेने त्या जागेची ताकद जाते. असा रिम वरून आरशासारखा चमकवून एक्सप्रेसवेवर न्यायचा म्हणजे स्वतःच्या आणि मागच्या गाडीतल्या माणसांच्या जिवाशी खेळ आहे, इथे कुणाचंही ऐकू नका.

धुण्यावर फार लिहीत नाही, पण दोन गोष्टी. गाडी चालवून आल्याआल्या गरम रिमवर कुठलंही केमिकल मारायचं नाही, ते सुकतं आणि डाग पाडतं. आणि साध्या शाम्पूने जी धूळ निघत नाही ती म्हणजे ब्रेक पॅड आणि डिस्कचे गरम लोखंडी कण चिकटलेले असतात, त्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो तो घ्या. मारला की थोड्या वेळात रिमवरून जांभळे ओघळ यायला लागतात, लोखंडाशी त्याची रिअ‍ॅक्शन होते म्हणून. वास फार उग्र, मोकळ्या जागेत करा, सुकू न देता भरपूर पाण्याने धुवा. स्पोकच्या कोपऱ्यात जुना टूथब्रश, नटांच्या भोकात जाड पेंटिंग ब्रश.

अ‍ॅसिडचं मात्र मोठ्याने सांगायला पाहिजे. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांच्या गाडीच्या रिमवर वॉशिंग सेंटरमधल्या पोराने बाथरूमच्या फरशीचं अ‍ॅसिड पाणी घालून मारलं, काळा मळ एका मिनिटात गेला, काका खूश. पुढच्या काही दिवसांत जिथे जिथे क्लिअर तुटलेला होता तिथे दुधाळ पांढरे डाग आणि सुईने टोचल्यासारखी भोकं. फरशीच्या अ‍ॅसिडमधलं हायड्रोक्लोरिक धातूवरचा नैसर्गिक ऑक्साइडचा थर फोडतं आणि मग आतून खात जातं. कॉस्टिक सोडाही तसाच, अ‍ॅल्युमिनियम त्यात अक्षरशः विरघळतं, त्यामुळे नाल्या मोकळ्या करायची पावडर, तीव्र डिग्रीजर वगैरे रिमच्या जवळपासही आणू नका. आणि भांड्यांची लोखंडी तारेची घासणी नको, तिचे बारीक तुकडे अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि पहिल्या पावसात तिथे गंजाचे ठिपके येतात. हिरवी नायलॉनची घासणी पुढे पेपर मारायच्या उघड्या धातूवर चालते, क्लिअरवर नको, चरे पडतात.

कडेवरचा सुटका-फुटका क्लिअर आधी पूर्ण काढावा लागतो, अर्धवट ठेवून चालतच नाही कारण ती पांढरी नक्षी क्लिअरच्या खालून पुढे सरकत जाते. हार्डवेअरच्या दुकानात पेंट रिमूव्हर जेल मिळतं. टायर आणि रिमच्या फटीत जुन्या कॅटमधले पत्ते ओळीने खोचायचे, हवा थोडी कमी केली की ते छान आत जातात, मग टायरवर काही सांडत नाही. स्पोकवर मास्किंग टेप आणि पॉलिथिन. ब्रशने जाडसर जेल लावलं, वरून पॉलिथिन टाकलं म्हणजे सुकत नाही, थोड्या वेळाने क्लिअर सुरकुत्या पडून वर येतो, तो जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने खरवडायचा, पत्र्याच्या पट्टीने नको. जिथे हटून बसला असेल तिथे परत एकदा. हातात जाड रबरी ग्लोव्हज पाहिजेतच, कातडीला लागलं की लगेच चटका बसतो, आणि हे गॅलरीत दार लावून करायचं काम नाही, पार्किंगमध्ये मोकळ्या हवेत करा.

आता खरी मेहनत, आणि खरी मजा पण. वॉटर पेपर मी पुण्याच्या बोहरी आळीतून आणले, नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. माझ्यापुढचं गिऱ्हाईक १००० आणि २००० नंबरचे पेपर मागत होतं, रिमसाठीच, तर दुकानातले काका म्हणाले, "अहो, खरवड काढायचीय ना, मग तीनशेवीसपासून चढत जा, एकदम हजार काय चावणार त्याला." या एका वाक्यात सगळं शास्त्र आलं. खरवडलेल्या जागी धातूची टोकं वर आलेली असतात, ती आधी बारीक कानशीने हलक्या हाताने बसवायची. मग फक्त तेवढ्या भागावर २४०, आजूबाजूला पसरवत नेत. मग पूर्ण कडेला ३२०, ४००, ६००, ८००, १०००, १५००, २०००. प्रत्येक पेपरचं काम एकच, आधीच्या पेपरने पाडलेले चरे पुसायचे. त्याच्यापेक्षा जास्त तो काही करत नाही आणि करूही शकत नाही, म्हणून मधला नंबर गाळला की पुढचा पेपर दुप्पट वेळ खातो आणि तरी चरा राहतोच.

चरा राहिलाय की गेलाय हे कळण्यासाठी दिशा बदलायची. ३२० गोलाईच्या दिशेने फिरवला तर ४०० आडवा, ६०० परत गोलाईने. मग एखादा चरा उलट्या दिशेला दिसला की समजायचं, हा मागच्या पेपरचा, अजून वेळ आहे. पुसून कोरडं करायचं आणि मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरपा धरून बघायचं, समोरून धरला तर काहीच दिसत नाही, सगळं छानच वाटतं. पेपर आधी पंधरा-वीस मिनिटं पाण्यात भिजवून ठेवा, नाहीतर घडीवर तुटतो. पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब. पेपरच्या मागे पाठीला काहीतरी पाहिजे, नुसत्या बोटांनी घासलं की बोटांचे खड्डे पडतात, पेंटरलोक जुन्या रबरी स्लिपरचा तुकडा कापून वापरतात तोच सगळ्यात भारी, कडेच्या आतल्या गोलाईला बागेच्या पाइपचा तुकडा. आणि नंबर बदलला की बादलीतलं पाणी बदला, रिम धुवा, हात धुवा. ३२० चा एक दाणा १५०० च्या पेपरखाली आला ना, तर एकच लांब चरा असा पडतो की मागे ८०० वर जावं लागतं.

६०० पर्यंत रिम नुसता करडा, मऊसर, निस्तेज दिसतो, इथे खूप जणांचा धीर सुटतो आणि लोक मशीन आणायला धावतात. धावू नका. १००० ला बोट जवळ नेलं की बोटाची सावली हलताना दिसते. २००० झाल्यावर धुरकट का होईना पण चेहरा दिसायला लागतो, आणि अजून पॉलिशला हात पण लावलेला नाही.

एक सांभाळा. खरवड खूप खोल असेल तर ती पूर्ण जाईपर्यंत घासायचा हट्ट करू नका, कडेचा धातू टायर धरून ठेवायच्या जागेजवळ असतो, तो उगाच पातळ करायचा नाही, नखाला किंचित लागेल एवढं राहिलं तरी चार फुटांवरून कुणाला दिसत नाही. आणि घासणं ओलंच ठेवा, कोरड्या घासण्यातली अ‍ॅल्युमिनियमची धूळ छातीत जाते आणि बारीक धूळ ठिणगीने पेट पण घेते. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून पाच मिनिटांत कड साफ करणारे व्हिडिओ बघून मोह होतो, पण ग्राइंडर सपाट जागेत लाटा पाडतो आणि त्या लाटा आरशासारख्या पॉलिशमध्येच सगळ्यात जास्त दिसतात.

तर आता ट्यूब. ऑटोसोल जर्मनीतल्या झोलिंगेनच्या कंपनीचं, जे गाव चाकू-सुऱ्यांसाठी जगात ओळखलं जातं. आपल्याकडे बुलेटवाले सायलेन्सर आणि क्रोम चमकवायला वर्षानुवर्षं हेच वापरतात, त्यामुळे बुलेटचं सामान विकणाऱ्या दुकानांत विचारा, पुण्यात नाना पेठेत चौकशी करा, नाहीतर ऑनलाइन आहेच. ७५ मिलिची ट्यूब छोटी वाटते, पण लागतंच किती थोडं. चार रिमच्या कडा करून माझी ट्यूब उरली आहे. क्रीम घट्ट, अमोनियाचा वास येतो, बोटांमध्ये चोळलं तर दाणा जवळपास लागत नाही, आणि इथेच त्याचं वेगळेपण आहे. कापतं चांगलं पण स्वतःचे चरे फारसे मागे ठेवत नाही.

वापरायची पद्धत म्हणाल तर सावलीत, गार रिमवर, एका वेळी तळहाताएवढीच जागा. जुन्या सुती बनियनचा तुकडा बोटाला घट्ट गुंडाळायचा, थोडं पॉलिश, आणि सुरुवातीला चांगला जोर लावून पुढे-मागे. लगेच काळं व्हायला लागतं. मग जोर कमी कमी करत न्यायचा, आणि सुकायच्या आत दुसऱ्या स्वच्छ कापडाने पुसून घ्यायचं. सुकलं तर ते पुसताना घाम निघतो आणि बारीक चरे पडतात. तिसरं कापड अगदी कोरडं, मायक्रोफायबर असेल तर उत्तम. पहिल्या हातात चमक येते, पण दुसऱ्या हातात जे होतं ते बघण्यासारखं आहे, धुरकटपणा अचानक निघून जातो आणि धातूला खोली येते. माझ्या कडेमध्ये टायरवरचे मापाचे आकडे उलटे, पण अगदी स्पष्ट वाचता येत होते, १८५ आणि ६५ आणि १५, एकेक रेघ. हाताने केलेल्या कामाला हे येतं यावर बायकोचा विश्वास बसेना, तिने स्वतः बोट लावून बघितलं आणि ठसा उमटला म्हणून परत पुसायला लावलं.

ड्रिल असेल तर फोमचा शंकू किंवा कापडी बफ लावून काम निम्म्यावर येतं, पण ट्रिगर सावकाश, एका जागी थांबायचं नाही, धारेच्या कडेवर बफ आपटला तर ड्रिल हातातून हिसकावून घेतो. चष्मा घाला, आणि फिरत्या बफजवळ कापडी ग्लोव्हज अजिबात नको, ते गुंडाळले जातात. कोपऱ्यात अडकलेला काळा तेलकटपणा काढायला एक जुनी युक्ती आहे, थोडं कॉर्नफ्लोअर (मक्याचा पांढरा स्टार्च) भुरभुरवून कोरड्या कापडाने पुसायचं, तेल ओढून घेतं, छान काम करतं.

इतर पर्याय पण सांगतो. घरात समई आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी असतं ते पातळ लिक्विड पॉलिश अ‍ॅल्युमिनियमवर चालतं, पण कापतं कमी, २००० पर्यंत पेपर नीट झालेला असेल तरच दिसण्यासारखा फरक पडतो, आणि उभ्या कडेवरून ओघळतं. टूथपेस्टचा सल्ला खूप फिरतो, दातांसाठी बनवलेल्या पेस्टने खरवडलेली कड निघणार नाही, वेळ घालवू नका. कारच्या रंगाचं रबिंग कंपाउंड क्लिअर असलेल्या रिमवर योग्य, उघड्या धातूवर मेटल पॉलिशच. म्हणजे तुमचे रिम कंपनीचे रंगवलेले आहेत आणि क्लिअर शाबूत आहे, फक्त निस्तेज झालाय, तर ऑटोसोलच्या ऐवजी कार पॉलिश घ्या, तेच बरोबर आहे.

एक गोष्ट मात्र लोक विसरतात, की पॉलिश झाल्यावर काम संपत नाही. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर क्षणात बनतो, तो थर धातूला वाचवतोच, पण ओलावा, ब्रेकची धूळ आणि विशेषतः मीठ आलं की हळूहळू चमक उतरते. पुण्यात उतरते, मुंबईत त्याहून लवकर, आणि रत्नागिरी-मालवणकडे समुद्राच्या वाऱ्यात तर फारच लवकर. वाळूवर गाडी नेणाऱ्यांनी घरी येऊन त्याच दिवशी गोड्या पाण्याने रिम धुतले नाहीत तर कुठलंही पॉलिश उपयोगाचं नाही. संरक्षणाला मेणाचं वॅक्स सगळ्यात सोपं, पण कार्नोबा वॅक्स ८० आणि काही डिग्रीलाच वितळतं आणि खंबाटकी किंवा वरंधा घाट उतरून आलात की ब्रेकजवळचा रिम चांगलाच तापलेला असतो, त्यामुळे ते टिकत नाही. सिंथेटिक सीलंट किंवा व्हील सीलंट घ्या, उष्णता सहन करतं, दोन हात लावा, मध्ये बाटलीवर सांगितलेला वेळ जाऊ द्या. मी तेच केलंय, आणि मधूनमधून ऑटोसोलचा एक हलका हात मारून परत सीलंट लावतो, पेपर परत काढावा लागत नाही.

क्लिअर कोटच मारायचा म्हणत असाल तर दोन अडचणी. आरशासारख्या गुळगुळीत धातूवर क्लिअर धरत नाही, परत सुटतो, आणि सुटला की पुन्हा पेंट रिमूव्हरपासून सुरुवात. दुसरं म्हणजे टिकाऊ क्लिअर दोन भागांचा, हार्डनरवाला असतो, त्यात आयसोसायनेट असतं, ते श्वासातून गेलं तर दम्यासारखा त्रास कायमचा लागू शकतो आणि साधा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही. हे काम बूथ (रंग मारायची बंद खोली) असलेल्या पेंटरकडेच द्या, घरात लहान मुलं असतील तर डोक्यातूनच काढून टाका.

स्पोक मी स्प्रे कॅनने केले, ते थोडक्यात. जुना रंग घट्ट असेल तर तो सोलायची गरज नाही, ४०० ते ६०० ने मॅट करायचा, खरवडीत लांबी (पुट्टी) भरून घासायची, जिथे धातू उघडा पडला तिथे एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला चावून धरणारा, कारण साधा प्रायमर अ‍ॅल्युमिनियमवर धरत नाही. मग चंदेरी रंगाचे पातळ पातळ हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं, एकदम जाड मारला की ओघळतो. पावसाळ्यात हे काम करूच नका, दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते, दिवाळीनंतरची कोरडी हवा यासाठी उत्तम. पॉलिशचं काम मात्र कधीही करा, पावसात पार्किंगमध्ये बसून केलं तरी चालतं, तसंही सगळं ओलंच असतं.

खर्चाचं गणित असं की ट्यूब, पेपर, रिमूव्हर, सीलंट, टेप, रंगाचे कॅन हे सगळं धरून एका रिमच्या लेथ कामाच्या आसपास चारही रिम होतात, त्यात उरलेलं सामान वर्षभर वापरता येतं ते वेगळं. वेळ भरपूर जातो, हे खरं. रविवारची एक दुपार, एक रिम, असं धरलं तर चिडचिड होत नाही. शनिवारी रात्री सुरू करून सोमवारी ऑफिसला चकाचक गाडी न्यायची असेल तर पावडर कोटिंगवाल्याकडे जा, तेही चांगलंच आहे. ज्यांच्या रिमची कड किंवा पूर्ण चेहरा उघड्या धातूचा आहे, तडा-वाक नाही, आणि ज्यांना हाताने घासायचा कंटाळा नाही त्यांनी ही ट्यूब डोळे झाकून घ्यावी, माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो वासासाठी.

रिम परत लावताना दोन गोष्टी राहून जातात त्या सांगतो. हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं तो) चिकटणारी मागची सपाट जागा आणि नट बसतात ते उतार, इथे रंग, सीलंट, पॉलिश काहीही नको, तिथे रंगाचा थर राहिला तर तो नंतर दाबला जातो आणि नट ढिले पडतात. नट आधी हाताने, मग समोरासमोरचे असे आळीपाळीने, शेवटी गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कला (आवळायच्या जोराचं माप), पान्यावर उभं राहून नव्हे. साफ करताना चिकटवलेली वजनं निघाली असतील तर बॅलन्सिंग करून घ्या, नाहीतर ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. आणि ५० ते १०० किलोमीटर गाडी चालली की रिम गार असताना सगळे नट परत एकदा टॉर्क पान्याने तपासा, तो पाना नसेल तर टायरवाल्याकडे दोन मिनिटं थांबून त्याच्याकडून तपासून घ्या.